चिमूटभर पराग

मुलांनो, आणि मुलांच्या निमित्तानं ऐकायला बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की ती नेमकी कोणत्या राजाच्या काळी घडली हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. एवढं खरं, की ते राज्य डोंगरात होतं, लहान होतं आणि तिथे फुलांना तोटा नव्हता.

त्या राज्यात हौसाबाई नावाची एक बाई मधमाश्या पाळायची. गावाबाहेरच्या उतारावर तिची झोपडी होती. झोपडीमागे बारा पोकळ ओंडके आडवे मांडून ठेवलेले होते आणि प्रत्येक ओंडक्यात माश्यांचं एकेक मोहोळ नांदत होतं. हौसाबाई मध काढायची, मेण गाळायची आणि आठवड्याच्या बाजारात नेऊन विकायची.

माश्या डसतील या भीतीनं तिच्या अंगणात कुणी पाऊल टाकत नसे. बाजारात तिच्या टोपलीशेजारी कुणी बसत नसे. लोक मध घेत आणि चार पावलं मागे सरत. तिला सगळे 'माशीवाली' म्हणत. तिला नावानं हाक मारणारी गावात एकच बाई होती, ती म्हणजे ठकूबाई कुंभारीण. मधाची मडकी हौसाबाई तिच्याकडूनच घ्यायची. फुलांचा हंगाम आला की ठकूबाईला शिंकांनी बेजार व्हायला होई, डोळे लाल होत, तरी ती नाकाला पदर लावून उतार चढून यायची आणि हौसाबाईच्या ओट्यावर घटकाभर बसून जायची.

एका वर्षी राजाच्या मुलीला ताप आला. आठ वर्षांची पोर, राजाराणीला तेवढी एकच. राजवैद्य म्हातारे होते, पण हाताला गुण असलेले. त्यांनी महिनाभर औषध दिलं आणि ताप उतरला. मात्र ताप गेला तो पोरीची भूक घेऊन गेला. ती काही खाईना. मऊ भात नको, पेज नको, दूध तर नकोच नको. ती दिवसेंदिवस वाळत चालली.

"आता औषधाचं काम संपलं आहे," वैद्यबुवा राजाला म्हणाले. "आता अन्न पोटात गेलं पाहिजे. ते कसं जाईल, एवढंच बघायचं."

राजवाड्यात मध हौसाबाईकडूनच जायचा. त्या दिवशी ती मडकं घेऊन मुदपाकखान्याच्या दाराशी आली, तेव्हा राजकन्या अंगणात उन्हाला बसवलेली होती. समोर पेजेची वाटी निवत होती. दासी विनवण्या करून थकली होती.

हौसाबाईच्या कमरेला एक लहानशी पुरचुंडी होती. तिच्यात पिवळे, केशरी, मातकट असे बारीक बारीक दाणे होते. राजकन्येनं विचारलं, "ते काय आहे?"

"पराग," हौसाबाई म्हणाली. "माश्या फुलांत लोळतात ना, तेव्हा त्यांच्या अंगाला फुलांची पूड लागते. ती त्या पायांनी गोळा करतात, तिच्या गोळ्या करतात आणि पायाला चिकटवून घरी आणतात. ही त्यांच्या पोराबाळांची शिदोरी."

"माश्यांना पोरं असतात?"

"असतात तर. घरभर असतात. आणि ती फार गुणी असतात. आईनं आणलेलं सगळं खातात."

राजकन्येनं हात पुढे केला. मग म्हणाली, "मला दे."

हौसाबाईनं आधी एकच दाणा तिच्या जिभेवर ठेवला. घटकाभर वाट पाहिली. पोरीला काही त्रास नाही असं पाहून मग चिमूटभर पराग पेजेवर भुरभुरला. राजकन्येनं घास घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाली, "आधी मातीसारखं लागतं, मग गोड लागतं." आणि दुसरा घास घेतला. वाटी अर्धी झाली.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईला बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशीही आलं. हौसाबाई रोज चिमूटभर पराग न्यायची आणि माश्यांची एकेक गोष्ट सांगायची. राजकन्या ऐकता ऐकता जेवायची. आठवड्यानं एका वाटीच्या दोन वाट्या झाल्या, मग मऊ भात, मग वरण, मग भाकरीचा पापुद्रा. दीड महिन्यात पोर अंगणात पळायला लागली.

राजानं दरबार भरवला आणि हौसाबाईला पुढे बोलावलं. "बाई, तू माझ्या मुलीला काय दिलंस?"

हौसाबाई आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या माणसांपुढे उभी होती. ती म्हणाली, "महाराज, ती पेज जेवायला लागली, आणि..."

"पेज तर आम्हीही देत होतो," राजा म्हणाला. "तू त्यात काय घातलंस ते सांग."

"पराग, महाराज."

"म्हणजे गुण परागाचा."

हौसाबाईला ठाऊक होतं की गुण पेजेचा होता, भाताचा होता, उन्हाचा होता, गोष्टींचाही थोडा होता. पराग चांगला होताच, पण तो पेजेवर भुरभुरलेला चिमूटभर होता. हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात राजानं स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर शाल घातली. जे लोक बाजारात तिच्यापासून चार पावलं मागे सरायचे, ते मान वाकवून उभे होते. हौसाबाईनं ओठ मिटून घेतले. वैद्यबुवांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

त्या दिवसापासून तिला कुणी माशीवाली म्हणेना. सगळे 'हौसाबाई, हौसाबाई' करू लागले. ज्या अंगणात कुणी फिरकत नव्हतं तिथे सकाळपासून माणसं येऊन बसू लागली. कुणाचे गुडघे दुखत, कुणाला कमी दिसे, कुणाचे केस गळत, कुणाला झोप लागत नसे. सगळ्यांना पराग हवा होता. राजवाड्याचा नोकरही रोज थैली भरून घेऊन जाई.

पहिले काही दिवस हौसाबाई म्हणायची, "खाऊन बघा, अंगाला चांगला असतो." मग ती म्हणू लागली, "घ्या, गुण येईल." पुढे पुढे तर तिला काही म्हणावंच लागेना. लोकच एकमेकांना सांगत, "चिमटीत दिवसभराचं बळ असतं. पराग खाल्ला की जेवणसुद्धा लागत नाही." हौसाबाई ऐकायची आणि हसायची. हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

एकदा वैद्यबुवा काठी टेकत तिचा उतार चढून आले.

"हौसाबाई, लोक माझ्याकडे येईनासे झाले, त्याचं मला वाईट वाटत नाही," ते म्हणाले. "माझंही वय झालं. पण विणकर आळीतल्या म्हाताऱ्यानं माझा खोकल्याचा काढा बंद केला आणि तो तुझा पराग खातोय. तू त्याला एवढंच सांग, की पराग खा, पण काढा सोडू नको. तुझं तो ऐकेल."

"मी कुणाला काढा सोडा म्हटलेलं नाही, वैद्यबुवा."

"म्हटलेलं नाहीस हे खरं. पण सोडू नका असंही म्हटलेलं नाहीस."

हौसाबाईला ते लागलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय. तिनं त्यांना पाणी दिलं आणि दुसरंच काही बोलू लागली. वैद्यबुवा पाणी प्यायले आणि काठी टेकत उतरून गेले.

आता एवढा पराग यायचा कुठून? पूर्वी हौसाबाई ओंडक्याच्या तोंडाला बांबूची बारीक जाळी लावायची. जाळीतून आत शिरताना माशीला अंग चोरावं लागे, पायावरची गोळी खरवडली जाई आणि खालच्या सुपलीत पडे. ही जाळी ती दोन दिवसांआड एखादा प्रहरच लावायची, तीही फक्त भरल्या मोहोळांना. बाकीचा सगळा पराग माश्यांच्या पिलांसाठी आत जायचा. आता तिनं बुरुडाकडून बारा जाळ्या करून घेतल्या आणि त्या बाराही ओंडक्यांना लावून ठेवल्या. उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्या निघेनात.

पंधरवडा गेला. एका सकाळी सुपल्या रिकाम्या करताना तिला ओंडक्यांखाली पांढरं पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. ती वाकली. मेलेली पिलं होती. आत खायला उरलं नव्हतं, म्हणून माश्यांनी ती ओढून बाहेर टाकली होती. एक ओंडका तर अगदीच गप्प होता. तिनं त्याला कान लावला. आत कुणी नव्हतं. मोहोळ उठून गेलं होतं.

हौसाबाईचा हात जाळीकडे गेला. पण अंगणात माणसं बसली होती. "उद्या जाळ्या काढीन," असं तिनं स्वतःला सांगितलं आणि सुपल्या घेऊन ती पुढे गेली.

तो उद्या दोनदा आला आणि तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठकूबाई मडकी घेऊन आली. येताना नेहमीसारख्या शिंका चालू होत्या. अंगणातली गर्दी पाहून म्हणाली, "अगं हौसे, सगळ्या गावाला वाटतेस आणि मला एक दाणा दिला नाहीस. माझ्या या शिंकांवर चालेल का गं?"

हौसाबाई दुसऱ्या कुणाला तरी पुडी बांधून देत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "चालेल, घे ना."

ठकूबाईनं सुपलीतून मूठभर पराग घेतला आणि तोंडात टाकला.

थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले. अंगावर लाल लाल गांधी उठल्या. तिनं गळ्याला हात लावला. तिला बोलता येईना. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. अंगणातली माणसं उठून उभी राहिली आणि आपल्या हातांतल्या पुड्यांकडे पाहू लागली.

"वैद्यबुवांना आणा," हौसाबाई म्हणाली. कुणीतरी पळत गेलं.

वैद्यबुवांना दोघांनी खांद्यावर बसवून आणलं. त्यांनी ठकूबाईला आडवी होऊ दिलं नाही. भिंतीला टेकवून ताठ बसवलं, चोळी सैल करवली, माणसांना लांब सारून वारा येऊ दिला आणि ते तिचा हात धरून बसले. आपल्या बटव्यातलं जे होतं ते त्यांनी दिलं. पण हौसाबाईला एवढं कळलं, की वैद्यबुवांनाही खात्री नव्हती. ते फक्त श्वास मोजत होते.

हौसाबाई ठकूबाईच्या पायाशी बसली. फुलांच्या परागानं जिला दरवर्षी शिंका येतात, तिला आपण तोच पराग मुठीनं खाऊ दिला. राजकन्येला एक दाणा देऊन घटकाभर थांबलो होतो, आणि हिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ती मनातल्या मनात एकच म्हणत राहिली, हिला श्वास येऊ दे.

उन्हं कलायला लागली तेव्हा तो शिट्टीसारखा आवाज हळूहळू उतरला. ओठांची सूज थोडी ओसरली. ठकूबाईनं डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझी मडकी फुटली का गं?"

हौसाबाईनं नाही म्हणून मान हलवली. मग पदरात तोंड घालून ती रडली. वैद्यबुवा म्हणाले, "वाचली. पण हिनं पुन्हा हे तोंडात घालायचं नाही. आणि तूही, बाई, आता तोंड उघड."

हौसाबाई उठली. आधी ती झोपडीमागे गेली आणि राहिलेल्या अकराही ओंडक्यांच्या जाळ्या उपटून काढल्या. मग तशीच राजवाड्याकडे निघाली.

राजवाड्यात शिरताना तिच्या डोक्यात ठकूबाईच होती. पण आत गेल्यावर तिला वेगळंच दिसलं. राजकन्या पुन्हा अंगणात बसवलेली होती. गाल बसले होते. ती पोट धरून वाकली होती. तिच्यासमोर चांदीचा वाडगा होता आणि तो परागानं काठोकाठ भरला होता. राजा स्वतः चमचा धरून बसला होता.

"बरं झालं आलीस," राजा म्हणाला. "हिची ताकद पुन्हा जायला लागली आहे. चिमटीनं भागत नाही, म्हणून मी मूठ केली. मुठीनं भागलं नाही, म्हणून वाडगा केला. अजून किती वाढवू, सांग."

"महाराज, ही जेवते काय?"

"जेवण कशाला? चिमटीत दिवसभराचं बळ असतं, असं सगळं गाव म्हणतं. पेज आम्ही केव्हाच बंद केली."

हौसाबाईनं वाकून राजाच्या हातातला चमचा काढून घेतला. पहारेकरी पुढे सरले. तिनं चमचा खाली ठेवला आणि खांद्यावरची शाल काढून त्याच्याशेजारी ठेवली.

"महाराज, हिला परागानं बरं केलं नाही," ती म्हणाली. "हिला जेवणानं बरं केलं. पराग चांगला आहे, पण तो पेजेवरचा चिमूटभर आहे, पेजेच्या जागी बसणारा नाही. पोरीला त्याची मजा वाटली, म्हणून ती घास घेऊ लागली, एवढंच. हे मला त्या दिवशी दरबारातच ठाऊक होतं."

राजाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुम्ही शाल घातलीत. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मला आजवर कुणी तसं बघितलं नव्हतं." तिनं राजापुढे हात जोडले. "माझं चुकलं, महाराज. आज माझी मैत्रीण मरता मरता वाचली. माझ्या माश्यांची पोरं उपाशी मेली. आता तुमची पोर तरी उपाशी ठेवू नका. मला काय शिक्षा करायची ती मग करा, आधी हिच्यासाठी पेज टाकायला सांगा."

राजानं वाडग्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मुलगी हळूच म्हणाली, "मला भूक लागली आहे. मी कालही सांगितलं होतं."

राजा उठला आणि स्वतःच मुदपाकखान्याच्या दाराशी गेला.

पेज आली. तूप घातलेली, मीठ घातलेली, वाफाळती. राजकन्येनं फुंकर मारत एक वाटी संपवली. दुसरी मागितली. दुसरीतली थोडी उरली आणि ती हौसाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले. राजा तिच्याकडे बघत बसला.

"वाडगा मी भरला," तो शेवटी म्हणाला. "दोष एकट्या तुझा नाही. ज्यांना विचारायला हवं होतं त्या वैद्यबुवांना मी विचारलंच नाही. तुला शिक्षा एवढीच, की जिथे जिथे तुझा पराग गेला आहे, त्या प्रत्येक दारात जा आणि मला सांगितलंस तेच सांग."

हौसाबाईला वाटलं होतं, ही शिक्षा सगळ्यांत जड जाईल. पहिल्या दारात जीभ खरंच जड झाली. पाचव्या दारात ती मोकळी झाली. विणकर आळीतल्या म्हाताऱ्याला ती म्हणाली, "बाबा, काढा सोडू नका," आणि तो खोकत खोकत म्हणाला, "तू म्हणतेस तर घेतो." काही जण हसले. काही जणांनी पुडी तिच्या अंगावर फेकली. बरेच जण नुसतेच 'बरं' म्हणून आत गेले. पण संध्याकाळी घरी परतताना तिचं अंग इतकं हलकं झालं होतं, की उतार कधी चढून झाला ते तिला कळलं नाही.

राजकन्या महिन्याभरात पुन्हा धावू लागली. ठकूबाईही बरी झाली, मात्र फुलांच्या हंगामात हौसाबाईच आता उतार उतरून तिच्याकडे जायची. बारा ओंडक्यांपैकी सात रिकामे झाले, पाच टिकले. त्या वर्षी हौसाबाईनं त्या पाचांतलं काहीच काढलं नाही, मध नाही की पराग नाही. पुढच्या फुलोऱ्यात पाचांचे आठ झाले. त्या सकाळी पायांना पिवळ्या गोळ्या लावून आत शिरणाऱ्या माश्या बघत ती बराच वेळ उन्हात बसून राहिली.

त्यानंतर कधीतरी बाजारात परगावची एक बाई तिच्या टोपलीपाशी थांबली. दाण्यांकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "यानं काय होतं?"

हौसाबाई म्हणाली, "रोजचं जेवण नीट जेवत असाल, तर जेवणाला थोडी जोड होते. आजार असेल, तर वैद्याला विचारा. आणि फुलांच्या दिवसांत शिंका येत असतील, तर घेऊ नका."

"एवढंच?"

"एवढंच."

बाईनं क्षणभर विचार केला. मग ती टोपलीशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "मग द्या थोडा."

म्हणून लक्षात ठेवा: कोणत्याही वस्तूचा गुण असेल तेवढाच सांगावा, कारण वाढलेल्या कौतुकापुढे गप्प राहणं हेही खोटं बोलणंच असतं.